नगर जिल्ह्याहून लहान देश आणि एक चेंडू

भूगोलाच्या तासाला भिंतीवर जगाचा नकाशा लावला की मुलांचा एक ठरलेला खेळ सुरू होतो. एकाने देशाचे नाव घ्यायचे आणि दुसऱ्याने त्यावर बोट ठेवायचे. मध्यंतरी एका मुलाने ‘कतार’ म्हटले. दुसऱ्याचे बोट अरबस्तानावर बराच वेळ फिरले आणि शेवटी तो म्हणाला, “सर, सापडतच नाही.” सापडला तेव्हा मुले हसली. त्या देशाचे नाव त्याच्या जमिनीवर मावत नव्हते, म्हणून छापणाऱ्याने ते समुद्रात छापले होते.

मग आम्ही फळ्यावर दोन आकडे लिहिले. आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळ सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. कतार, साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अख्खा कतार मावतो आणि वर चार-पाच तालुक्यांना जागा उरते. तिथे राहणारे लोक साधारण ३० लाख. त्यातले जन्माने आणि कागदपत्राने कतारी म्हणावेत असे साडेतीन लाखांच्या आतबाहेर. एकट्या संगमनेर तालुक्याची लोकसंख्या त्याहून अधिक भरते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग एवढ्याशा देशात वर्ल्ड कप कसा झाला?”

तास संपत आला होता, म्हणून त्या दिवशी आम्ही उत्तर अर्धेच दिले. उरलेले उत्तर हा लेख आहे. तो मुलांसाठी जितका आहे तितकाच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे. कारण आपल्यापैकी अनेक घरांतून कुणी ना कुणी आखातात गेलेले आहे, आणि आपल्या घरातील डाळ-भाताचा त्या छोट्या देशांच्या नशिबाशी फार जुना संबंध आहे.

मोत्यापासून गॅसपर्यंत

शंभर वर्षांपूर्वी कतारचे पोट मोत्यांवर चालत असे. उन्हाळ्यात नावा महिनोन्महिने समुद्रात राहत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जात आणि शिंपले वर आणत. हे मोती विकायला येत ते आपल्या मुंबईत. १९२०-३०च्या काळात जपानने शिंपल्यांत मोती वाढवण्याची युक्ती बाजारात आणली, वरून जागतिक मंदी आली आणि तो धंदा पाहता पाहता बुडाला. अनेक कुटुंबे देशोधडीला लागली.

मुंबईशी नाते एवढेच नव्हते. त्या किनाऱ्यावर व्यवहारात आपला रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि कतारमध्ये त्या १९६६ पर्यंत चालल्या. ३ सप्टेंबर १९७१ रोजी ब्रिटिशांच्या छत्राखालून कतार स्वतंत्र झाला. आज ‘रियाल कमवायला जातो’ म्हणणाऱ्या आपल्या मुलांना सांगायला हवे की, एके काळी ते लोक रुपये मोजत होते. दिवस फिरतात. अल्लाह ते माणसांमध्ये आलटून पालटून फिरवत असतो.

पुढे तेल आणि त्याहून अधिक नैसर्गिक वायू निघाला. समुद्राखालचा तो साठा इराण आणि कतार या दोघांत मिळून आहे आणि जगातील सर्वांत मोठ्या वायुसाठ्यांत तो गणला जातो. वायू थंड करून, द्रवरूप करून जहाजाने पाठवायचे तंत्र कतारने उभे केले. २००४ पासून ही जहाजे गुजरातमधील दहेज बंदरात येतात. वर्षाला ७५ लाख टन वायूचा हा करार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०२८ पासून पुढे आणखी २० वर्षांसाठी वाढवण्यात आला. या वायूवर आपल्याकडील खतांचे कारखाने चालतात.

पैसा आला. पण पैसा आलेल्या छोट्या घराला एक भीती असते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि एका दिवसात एक श्रीमंत छोटा देश गिळला गेला. आजूबाजूच्या साऱ्या छोट्या देशांनी ते पाहिले. एका बाजूला सौदी अरब, समोर इराण, आणि जगातील बहुतेकांना आपले नावही ठाऊक नाही. अशा देशाने काय करावे? कतारने बरेच काही केले. अमेरिकेला तळ दिला, अल-जझीरा ही वृत्तवाहिनी काढली, विमान कंपनी वाढवली, भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवायला घर उघडे ठेवले. आणि फुटबॉल धरला.

फुटबॉलच का? कारण हा खेळ जवळजवळ प्रत्येक देशात खेळतात. त्याला भाषा लागत नाही. ब्राझीलच्या झोपडपट्टीतले पोर आणि इंग्लंडचा राजपुत्र एकच सामना पाहतात. ज्याला जगाच्या दिवाणखान्यात शिरायचे आहे, त्याच्यासाठी हा सर्वांत रुंद दरवाजा आहे.

चेंडूवर लावलेला पैसा

कतारने हे काम घाईने केले नाही. २००४ मध्ये दोह्यात ॲस्पायर नावाची क्रीडा प्रबोधिनी उघडली. लहान मुलांना शाळा, वसतिगृह आणि मैदान एकाच छताखाली. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिक शहरात मतदान झाले आणि २०२२च्या विश्वचषकाचे यजमानपद कतारला मिळाले. शेवटच्या फेरीत अमेरिकेला ८ मते पडली आणि कतारला १४. या मतदानावर पुढे लाचखोरीचे आरोप झाले, चौकश्या झाल्या. कतारने ते आरोप नाकारले आणि यजमानपद कायम राहिले. २०११ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने पॅरिसचा पीएसजी हा क्लब विकत घेतला.

त्यानंतर १२ वर्षे बांधकाम चालले. आठ स्टेडियम, त्यातले सात नव्याने. एक तर जहाजावरच्या कंटेनरांचे, ज्याचे नावच ‘९७४’. तो कतारचा टेलिफोन कोड. सोबत नवा विमानतळ, मेट्रो, रस्ते आणि लुसैल नावाचे जवळजवळ नवे शहर. या साऱ्यावर मिळून सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च झाल्याचा अंदाज सांगितला जातो.

आता घरात हिशेब ठेवणारी कोणतीही बाई विचारील, “एवढे घातले, परत किती आले?” प्रश्न रास्त आहे. विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचे आणि जाहिरातींचे मोठे उत्पन्न यजमानाकडे जात नाही, ते फिफा या जागतिक संघटनेकडे जाते. २०२२ला संपलेल्या चार वर्षांत फिफाने सुमारे साडेसात अब्ज डॉलर मिळवले. म्हणजे तिकिटे विकून २०० अब्ज वसूल करायचे असा हा सौदाच नव्हता. मेट्रो, बंदर, विमानतळ मागे राहिले. २०२३ मध्ये ४० लाखांहून अधिक आणि २०२४ मध्ये सुमारे ५० लाख पाहुणे कतारला गेले. वायू कधीतरी संपेल किंवा जगाला तो नकोसा होईल, त्या दिवसासाठी दुसरे दुकान उघडून ठेवणे हा त्यातला व्यापारी विचार. आपल्याकडे एकट्या उसावर किंवा एकट्या कांद्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

मैदानावरची राजनीती

खरी परीक्षा २०१७ मध्ये आली. जूनमध्ये सौदी अरब, संयुक्त अरब अमिरात, बहरैन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीची एकमेव हद्द बंद, आकाश बंद, समुद्राची वाट बंद. रमजानचा महिना होता. दोह्यातील दुकानांत दूध-अंड्यांसाठी झुंबड उडाली. नात्यागोत्यातली कुटुंबे हद्दीच्या दोन बाजूंना अडकली. भाऊ भावाला परका झाला.

दोनच महिन्यांनी कतारच्या मालकीच्या पॅरिसच्या क्लबने ब्राझीलचा नेमार २२ कोटी २० लाख युरो मोजून घेतला. एका खेळाडूसाठी एवढी रक्कम जगात कुणी दिली नव्हती. ज्या देशाची कोंडी केली होती, त्याचे नाव आठवडाभर प्रत्येक वर्तमानपत्रात होते. ही उधळपट्टी होती यात शंका नाही. इस्लामने इस्राफ नापसंत केला आहे आणि आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. पण त्यामागचा हेतू समजून घ्यायला हवा. आम्ही अजून उभे आहोत, हे सांगण्याची ती पद्धत होती.

जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषक अमिरातीतच भरला. कतारचा संघ शत्रूच्या अंगणात खेळला. उपान्त्य सामन्यात त्याने यजमान अमिरातीला ४-० ने हरवले तेव्हा प्रेक्षकांतून मैदानावर चपला-बूट फेकले गेले. १ फेब्रुवारीला जपानला ३-१ ने हरवून कतारने चषक उचलला. त्या संघातील अनेक मुले ॲस्पायरमध्ये वाढलेली होती. कुणाचे आईवडील सुदानचे होते, कुणाचे येमेनचे.

५ जानेवारी २०२१ रोजी सौदी अरबमधील अल-उला येथे समेट झाला. तो काही फुटबॉलने घडवला नाही. पण समेटानंतरची मने जुळवायला मैदान कामी आले. २० नोव्हेंबर २०२२ रोजी उद्घाटनाच्या वेळी सौदीचे युवराज पाहुण्यांत बसले होते. तुर्कस्तानचे एर्दोगान आणि इजिप्तचे सिसी यांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, त्या दोघांनी तिथे हात मिळवला. भारताकडून उपराष्ट्रपती धनखड हजर होते. दोन दिवसांनी सौदीच्या संघाने अर्जेंटिनाला हरवले, तेव्हा कतारच्या अमीरांनी सौदीचा झेंडा गळ्यात घातला होता. ज्यांनी हद्द बंद केली होती, त्यांचाच झेंडा.

उद्घाटनाचा तो प्रसंग अनेक वाचकांनी पाहिला असेल. कमरेखालच्या शरीराविना जन्मलेला २० वर्षांचा गानिम अल-मुफ्ताह हाताच्या बळावर पुढे आला आणि त्याने सूरह हुजुरातमधील आयत पढली. अल्लाहने माणसांना एका स्त्री-पुरुषापासून निर्माण केले आणि त्यांच्या जमाती, त्यांची घराणी यासाठी केली की त्यांनी एकमेकांना ओळखावे, असा तिचा आशय आहे. पुढे ती आयत असेही सांगते की अल्लाहजवळ मोठा तोच, जो अधिक परहेजगार आहे. जगातील कोट्यवधी घरांत, ज्यांनी कुरआन कधी ऐकले नव्हते त्यांच्या कानावर ते शब्द गेले. स्टेडियममध्ये सामान्य प्रेक्षकांसाठी दारू नव्हती, त्यामुळे लेकीबाळी घेऊन लोक सामन्याला आले. मोरोक्कोचा संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. तिथवर गेलेला तो पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी संघ. त्यांचे खेळाडू जिंकल्यावर पहिल्यांदा आपल्या आईकडे धावत गेले. मुस्लिम घरात आईचे स्थान काय असते, ते जगाला कोणत्याही भाषणाशिवाय दिसले.

आयतीमधील ‘ओळखावे’ हा शब्द आम्ही मनाशी धरून ठेवला आहे. कतारने एवढा पैसा ओतून जे मिळवले ते हेच, ओळख. पण आयत तिथे थांबत नाही. ओळखीनंतर ती आचरणाचा हिशेब मागते.

घाम कुणाचा?

तो हिशेब स्टेडियम बांधणाऱ्यांचा आहे. कतारमध्ये ७ लाखांहून अधिक भारतीय राहतात. केरळचे सर्वाधिक, पण आपल्या कोकणातील रत्नागिरी-रायगडची आणि देशावरचीही माणसे तिथे आहेत. गवंडी, सुतार, वेल्डर, वीजतंत्री, ड्रायव्हर. आमचा एक माजी विद्यार्थी तिथे सात वर्षे वीजतंत्री होता. जाताना त्याच्या अब्बांनी एजंटला देण्यासाठी अम्मीचे दागिने मोडले. पहिल्या वर्षी ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार अडवून धरला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. दुसरीकडे नोकरी करायची तर मालकाचे पत्र हवे, देश सोडायचा तर मालकाची परवानगी हवी. या पद्धतीला तिकडे ‘कफाला’ म्हणतात. सुट्टीवर आल्यावर तो आम्हाला म्हणाला होता, “सर, उन्हात लोखंडाला हात लावला तर कातडी निघते. पण त्याचं काही नाही. पगाराची तारीख टळली की रात्री झोप लागत नाही. घरी काय सांगायचं?”

फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांच्या नोंदी गोळा करून लिहिले की, यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत या पाच देशांचे साडेसहा हजारांहून अधिक लोक कतारमध्ये मरण पावले. त्यात भारताचे २,७११ होते. हे सारे मृत्यू स्टेडियमवर झाले असे नव्हे. त्यात आजाराचे, अपघाताचे, सर्व प्रकारचे मृत्यू आहेत, आणि कुणी कुठे काम करत होते याची विगतवारी नाही. स्टेडियमच्या कामांवर कतारच्या समितीने दिलेला आकडा ३७ आहे. पुढे त्याच समितीच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत स्पर्धेशी संबंधित कामांवर ४०० ते ५०० मृत्यूंचा अंदाज सांगितला. आकड्यांचा वाद चालू राहील. पण धडधाकट तरुण रात्री खोलीत झोपला आणि सकाळी उठला नाही, आणि कागदावर ‘नैसर्गिक कारण’ एवढेच लिहून आले, हे अनेक घरांनी भोगले आहे. त्या घराला आकडा एकच असतो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातात पडावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मदरशात पहिल्या काही वर्षांतच शिकतो. ज्या देशाने उद्घाटनाला कुरआन पढले, त्याच्याकडून ती अधिक अपेक्षित होती. म्हणून टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. टीका करणाऱ्या काही पाश्चात्त्य देशांच्या मनात दुजाभाव होता हे खरे आहे. पण टीका करणाऱ्याची नियत वाईट असली म्हणून मजुराचा अडकलेला पगार माफ होत नाही.

इथेच फुटबॉलने एक असे काम केले जे कतारने ठरवले नव्हते. जगाच्या नजरा तिथे लागल्या आणि कायदे बदलावे लागले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय दोह्यात उघडले. देश सोडण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट त्याच वर्षी बहुतेकांसाठी गेली आणि जानेवारी २०२० मध्ये घरकामगारांसाठीही गेली. नोकरी बदलायला मालकाच्या पत्राची अट २०२० मध्ये गेली. मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल ठरले, म्हणजे त्या वेळचे सुमारे २० हजार रुपये. मालक देत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० रियाल वेगळे. कागदावरचे सारे हातात पडते असे नाही, तक्रारी अजून आहेत. पण आमच्या त्या विद्यार्थ्याने २०२१ मध्ये मालकाच्या पत्राशिवाय नोकरी बदलली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा ओळखीला किंमत असते. जग जेव्हा तुम्हाला ओळखू लागते, तेव्हा ते तुमचे स्वयंपाकघरही पाहते.

जाता जाता घरच्यांसाठी एक गोष्ट. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला सरकारी नियमाने ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. दागिने मोडण्याआधी एवढे अवश्य तपासावे.

मैदान काय देत नाही

एवढे सगळे करून कतारचा संघ स्वतःच्या विश्वचषकात तीनही सामने हरला. पैशाने स्टेडियम उभे राहते, पण संघ उभा राहायला वेळ लागतो. मात्र त्यांनी मुलांची प्रबोधिनी बंद केली नाही. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी आशियाई चषक पुन्हा जिंकला आणि २०२६च्या विश्वचषकासाठी ते पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या पायांवर पोहोचले.

ओळख ही ढाल मात्र होत नाही. ९ सप्टेंबर २०२५ रोजी, गाझाच्या युद्धविरामासाठी मध्यस्थी करत असलेल्या दोह्यावरच इस्रायलने हवाई हल्ला केला. ज्या शहरात तीन वर्षांपूर्वी सारे जग पाहुणे होते, तिथे बॉम्ब पडले. जगाने निषेध केला, पण बॉम्ब परत गेले नाहीत.

आणि तरीही, ज्यांच्याजवळ ना वायू आहे ना डॉलर, त्यांनाही मैदान काहीतरी देते. पॅलेस्टाईनला फिफाने १९९८ मध्ये सदस्यत्व दिले. अनेक देश त्यांना राष्ट्र मानत नव्हते, तेव्हा फुटबॉलच्या फलकावर त्यांचे नाव लागत होते आणि त्यांचे राष्ट्रगीत वाजत होते. जानेवारी २०२४ मध्ये, गाझावर बॉम्ब पडत असताना, हा संघ कतारमध्ये आशियाई चषक खेळला आणि इतिहासात प्रथमच बाद फेरीत पोहोचला. काही खेळाडूंनी त्या काळात आपले नातलग गमावले होते. त्यांनी खेळून गाझा वाचवला नाही. आम्ही आहोत, एवढेच त्यांनी जगाला सांगितले.

आपल्या शेजारचा छोटा प्रदेश

१० सप्टेंबर २०१९ची रात्र आखातातील भारतीयांच्या लक्षात आहे. आशियाचा ताजा विजेता कतार आणि भारत यांचा दोह्यात सामना होता. गॅलरीत दिवसभर राबून आलेले हजारो भारतीय. कर्णधार सुनील छेत्री आजारी. कतारने गोलवर मारा केला, गोलरक्षक गुरप्रीतसिंग भिंत होऊन उभा राहिला आणि सामना ०-० सुटला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या मजुराची मान जरा ताठ होती, असे आमचा विद्यार्थी सांगतो. ते बरोबरीचे समाधान कोणत्या रियालात मोजणार?

त्या संघात मुंबईचा राहुल भेके होता आणि तिघे गोव्याचे होते. आदिल खान, मंदार राव देसाई आणि रॉलिन बोर्जेस. एक मुसलमान, एक हिंदू, एक ख्रिस्ती. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. कतारच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मग १४० कोटींच्या देशाच्या संघात एवढ्याशा राज्याचे तिघे कसे?

१८८३ मध्ये शिवोली गावात फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी मुलांना हा खेळ शिकवला, असे गोव्यात सांगतात. तेव्हापासून तो गावागावांत रुजला. सायंकाळी चर्चशेजारच्या किंवा भात कापलेल्या शेतातल्या मैदानावर वाड्यांचे सामने होतात आणि आजी-आजोबाही पाहायला येतात. पुढे खाणींच्या धंद्यातील धेंपो आणि साळगावकर या घराण्यांनी क्लब पोसले. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षे देशाचे अजिंक्यपद गोव्यातील क्लबांकडे राहिले. कोलकाता-मुंबईसारखी महानगरे पाहत राहिली.

पण गोव्यातही पैशाची बाजू डळमळली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले. २०१६ मध्ये देशातील स्पर्धांची रचना बदलू लागली, आपल्या स्पर्धेला दुय्यम स्थान मिळणार म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे तिन्ही क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. मोठे आधार गेले. खेळ मात्र गेला नाही, कारण तो क्लबांच्या आधी गावांत होता. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाच्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय संघ ठरला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्यांच्यासमोर आला कतारचा अल-रय्यान. दोन्ही सामने बरोबरीत सुटले. नगर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या प्रदेशाने, नगर जिल्ह्याहून लहान असलेल्या श्रीमंत देशाच्या क्लबला रोखून धरले.

या दोघांना शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. कतारने आधी स्टेडियम बांधून मग गल्लीत खेळ रुजवण्याचा प्रयत्न केला. गोव्यात गल्ली आधीपासून होती. दोन्हीकडे टिकले तेच, जे मुलांवर लावले.

आपल्या अंगणात

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्यानिमित्त एकाच दिवशी राज्यातील १० लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा तो उपक्रम होता. आम्हीही त्या दिवशी मैदानावर होतो. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. फोटो निघाले. नंतर चेंडू कपाटात गेले आणि वर्षअखेरीस त्यांची हवा निघाली. यात दोष आमच्यासारख्या शिक्षकांचाही आहे. कतारला आपण शहाणपण शिकवतो, पण एका दिवसाचा सोहळा आणि रोजचा सराव यांतला फरक आपल्यालाही उमगला नव्हता.

आपल्या मोहल्ल्यांत मुलांचे दोन वर्ग दिसतात. एक मोबाइलवर युरोपच्या क्लबांचे सामने रात्री दोनपर्यंत पाहणारा आणि फजरला न उठणारा. दुसरा दहावीनंतर गॅरेजवर किंवा फर्निचरच्या दुकानात लागून पासपोर्टची वाट पाहणारा. दोघांनाही मैदान माहीत नाही. मुलींचा तर प्रश्नच काढला जात नाही. वास्तविक मुलांना पोहणे, तिरंदाजी, घोडेस्वारी शिकवावी अशी आपल्या बुजुर्गांची ताकीद आहे. शरीर ही अमानत आहे. फुटबॉलला तर एक चेंडू पुरतो आणि त्यात २२ मुले गुंततात.

सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव आपल्या घरांत घेतले जावे. हैदराबादचे हे गृहस्थ पेशाने शाळेचे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२च्या आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. देश गरीब होता, १९४८च्या ऑलिंपिकमध्ये तर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. कॅन्सर अंगात असताना रहीम साहेबांनी जकार्ताचे सुवर्ण जिंकून दिले आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्यापाशी वायूची विहीर नव्हती. त्यांच्यापाशी शिट्टी होती, फळा होता आणि मुलांना वेळ देण्याची तयारी होती.

आता आमच्या वर्गातल्या त्या मुलाला उरलेले उत्तर. बाळा, एवढ्याशा देशात विश्वचषक झाला कारण त्याला जगाने ओळखावे असे वाटत होते आणि त्याच्यापाशी पैसा होता. ओळख त्याला मिळाली. पत अजून तो कमावतो आहे, आणि ती मजुराच्या पगाराच्या तारखेवर ठरणार आहे. तू मोठा होऊन तिथे कामाला गेलास तर हुनर घेऊन जा, कागद वाचून जा आणि आपला हक्क ठाऊक असू दे. आणि आज तास संपल्यावर मैदानावर ये. असरच्या नमाजनंतर एक तास. चेंडूत हवा आम्ही भरून ठेवतो.

अल्लाह आपल्या मुलांना निरोगी शरीर, हलाल रोजी आणि इज्जतीची ओळख देवो, आणि परदेशात राबणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो. आमीन.